अत्तर लावलेला दगड

सेलू, जि. परभणी
७ ऑगस्ट २०२३

प्रिय सुकेशनी,

सप्रेम जयभीम. तू आणि घरची मंडळी सुखात असाल असं धरून चालते.

आधी ओळख सांगते. मी राजेश्री, झरीची. बी.एस्सी.ला परभणीत प्रॅक्टिकलच्या टेबलावर तुझ्या शेजारी उभी राहायची ती. लग्न होऊन सेलूत आले आणि इथलीच झाले. सत्तावीस वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे आता 'कशी आहेस' विचारणं म्हणजे पेपर सुटल्यावर हॉलमध्ये शिरण्यासारखं आहे. तरी विचारते. कशी आहेस? तू नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस हे माझ्या लेकीने, अर्पिताने, शोधून काढलं. तिने तुझा फोन नंबरही दिला होता. पण तू 'कोण बोलतंय?' म्हटलं असतंस आणि मी चुकीचा नंबर लागला म्हणून ठेवून दिला असता. म्हणून पत्र.

माझी हकीकत थोडक्यात. यजमान, दत्तराव, स्वभावाने चांगले, म्हणजे कमी बोलणारे. सासरची कापसाची जिनिंग बंद पडली त्या दिवशी त्यांनी पेपर वाचायला घेतला, तो अजून वाचून झालेला नाही. मी त्याच शेडात दगड दळायचं मशीन बसवलं. संगजिरे दळते. तो हाताला साबणासारखा लागणारा मऊ पांढरा दगड. त्याची पावडर रांगोळीत जाते, रंगात जाते, बाळाच्या अंगालाही लागते. अकरा बायका कामाला आहेत. संध्याकाळी घरी निघतात तेव्हा पापण्यांसकट पांढऱ्या झालेल्या असतात, आणि ऑटोत त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही.

रांगोळीला राजस्थानचा दगड पुरतो. पण यंदा एका रंगाच्या कारखान्याने अधिक पांढरा माल मागितला आणि मी होतं नव्हतं ते लावून इजिप्तहून एक कंटेनर मागवला. चोवीस टन, ओबडधोबड ढेकळं. कागदावर लिहिलं, 'नैसर्गिक संगजिरे, न कुटलेलं.'

कस्टमवाल्यांचं एक जाडजूड पुस्तक असतं, सुकेशनी. जगातली प्रत्येक वस्तू त्यात कुठल्या तरी घरात बसवलेली आहे. आपला दगड पंचविसाव्या घरात, मीठ-माती-चुन्याच्या शेजाराला. कुटला तरी घर तेच, फक्त खोली बदलते. मात्र त्याची मूर्ती कोरली की तो अडुसष्टाव्या घरात गेला. शिंप्याचा खडू केला की शहाण्णवाव्या. आणि वास घालून डबीत भरला की तेहतिसाव्या, स्नो-पावडरच्या संगतीत. त्या घरात शिरायचं तर औषध खात्याचे वेगळे कागद लागतात. मी इथे सगळ्यांना सांगते की बघा, दगडालाही जात पडताळणी चुकली नाही, आणि सगळे हसतात. तुला लिहिताना ते वाक्य आधी खोडलं, मग परत लिहिलं. कोणत्या खिडकीवर कोण किती वेळ उभं राहिलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तर झालं असं. बंदरावरच्या कचेरीने विचारलं, पुरवठादाराने आधी नमुना दिला असेल तर तो पाठवा. मुठीएवढा तुकडा आमच्याकडे होता. तो उचलून पाठवायला काही हरकत नव्हती. हरकत एवढीच की आम्ही सेलूचे. इथे मोंढ्याच्या बाजारात वानगी जशीच्या तशी कुणी दाखवत नाही. माझे सासरे कापसाचा नमुना पुढे करण्याआधी बोटांनी पिंजायचे, काडीकचरा वेचायचे. समोरच्यालाही ते माहीत. तो मनातल्या मनात तेवढा कचरा परत मिसळून भाव बोलायचा. फसवणूक कुणाचीच नव्हती, रिवाज होता. त्या रिवाजाने तो तुकडा दळला, मलमलीतून तीनदा चाळला, स्टीलच्या डबीत भरला आणि त्यात मोतिया अत्तराचे चार थेंब पडले. आमची धुरपताबाई आहे, सगळ्यांत जुनी कामकरीण. तिचंच काम.

तिकडे डबी उघडली आणि कचेरीभर मोगऱ्याचा वास सुटला म्हणे. तेव्हापासून माझा चोवीस टन दगड हा फेस पावडर असल्याचा संशय आहे. चोवीस टन. तेवढ्यात अख्खा परभणी जिल्हा गोरा होऊन जालन्याला उरेल.

कंटेनर उघडून बघा म्हटलं, तर उत्तर आलं: आधी नमुन्याचा खुलासा, मग कंटेनर. ५ सप्टेंबरला सुनावणी आहे. आमचा एजंट हरिओम, इथल्याच मोंढ्यातला पोरगा, आता बंदराजवळ कचेरी थाटून बसतो. त्याने तोडगा काढलाय. धुरपताबाईने जबाब द्यायचा की मी मनानेच अत्तर घातलं. म्हणजे कामगाराची चूक ठरते आणि प्रकरण मिटतं. कंटेनरची पेटी सुटली नाही तर मला मशीन विकावं लागेल आणि अकरा जणींना दुसरं काम शोधावं लागेल, हे स्पष्टच लिहिते.

तुझ्याकडून हवा तो फक्त एक अभिप्राय. वास लावल्याने दगड बदलत नाही, एवढं एखाद्या शिकलेल्या माणसाने सहीनिशी लिहून द्यावं. माझ्या ओळखीत खरं शिकलेली तू एकटीच.

कळावे,
तुझी जुनी मैत्रीण
राजेश्री


सेलू
२३ ऑगस्ट २०२३

प्रिय सुकेशनी,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. एक कागद, त्यावर एक ओळ. 'अत्तर कोणी घातलं, ते आधी लिही.' खाली सही. कॉलेजातही तू उत्तरपत्रिकेला पुरवणी घेत नव्हतीस.

इकडे पाऊस दडी मारून बसलाय. सोयाबीन माना टाकायलंय. दत्तरावांनी काल पेपरातून डोकं वर काढून 'कठीण आहे' असं म्हटलं. ते पावसाबद्दल की माझ्याबद्दल, ते कळलं नाही. अर्पिताचं ठीक चाललंय. आमच्या गल्लीत नवा गतिरोधक झालाय, त्यावर रोज एकजण तरी आपटतो.

बघ, दुसऱ्या परिच्छेदात मी गतिरोधकापर्यंत पोचले.

परवा हरिओम टाइप केलेला जबाब घेऊन आला. धुरपताबाईला बोलावलं. ती पदराने तोंडावरची पावडर पुसत आली.

"मावशी, सही येती ना?"

"येती की. रात्रीच्या वर्गाला शिकले. पर आधी वाचून दाखव."

त्याने वाचलं, 'मी माझ्या मनाने, मालकिणीस न विचारता, सदर नमुन्यात अत्तर मिसळले.'

"माझ्या मनानं?" धुरपताबाई म्हणाली. "माझ्या मनानं म्या आजवर च्यात साखर घातली न्हाई, आन् अत्तर घातलं म्हन्तूस?"

"मावशी, कागदापुरतं हाय ते."

मग तो माझ्याकडे वळला. "काकू, तुमी टेन्शनच घेऊ नका. वरच्याला कारण पाहिजे असतंय. खरंच कारण पाहिजे असं थोडीच हाय?"

धुरपताबाईने माझ्याकडे पाहिलं. "वैनी म्हनत असतीन तर करते. मशीन चाललं तर माझी चूल चालती. मला कोन धरून न्यायलंय?" पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि थांबली. "पर नात वाचती माझी. सगळंच वाचती, पुडीचा कागद पन सोडीत न्हाई. ह्ये कदी तिच्या हाताला लागलं तर म्हनंल, आज्जी, तू असं कसं केलतीस? मंग म्या काय सांगू?"

मी म्हटलं, "आज नागपंचमी. आज काही चिरायचं-कापायचं नसतं. सही पण नको, उद्या बघू."

"सही म्हंजी काय भेंडी हाय का, काकू?" हरिओम म्हणाला.

तो गेला. तुझं पत्र त्याच दुपारी आलं.

अत्तर मी घातलं, सुके. धुरपताबाई शेडच्या त्या टोकाला पोती शिवत होती. तिने डबीला हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या लग्नातली अत्तराची कुपी होती, मीच ती घरातून आणली. वाटलं, आपलं नाव पहिल्यांदा समुद्रापर्यंत चाललंय, तर वास घेऊन जावं. कचेरीने खुलासा मागितल्यावर हरिओमने विचारलं, "कोणी घातलं?" मी नुसतं धुरपताबाईकडे पाहिलं. बोलले काहीच नाही. माझ्या पाहण्याचा अर्थ त्याने लावला आणि मी तो लावू दिला.

ही माझी जुनी पद्धत आहे. तू तिच्या पहिल्या प्रयोगाला हजर होतीस.

तराजूचं आता लिहून टाकते. तिसऱ्या वर्षाला, मार्च महिना. काचेच्या पेटीतला तीन नंबरचा तराजू. दांडी टेकवून ठेवल्याशिवाय वजन ठेवायचं नाही, हे सरांनी शंभर वेळा सांगितलेलं. मला झरीची बस गाठायची होती. मी तसंच वजन ठेवलं, दांडी आपटली आणि जिच्यावर ती तोलते ती आतली धार तुटली. मी पेटीची काच खाली ओढली आणि बस गाठली. तराजू वापरल्याच्या वहीत शेवटचं नाव तुझं होतं, कारण माझं लिहायचं मी विसरले होते. विसरले, असं मी सत्तावीस वर्षं म्हणत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी तुला विचारलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. देशमुखाच्या पोरीकडे आधी पाहायचं नसतं, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, तुला तर कधीपासूनच ठाऊक. तू एकदाच म्हणालीस, "मी नाही." दुसऱ्यांदा म्हणाली नाहीस, आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे वडील पिंगळीहून आले. रेल्वेची खाकी अंगावर, ड्युटीवरून तसेच. त्यांनी सरांपुढे हात जोडले. मी बेसिनपाशी टेस्ट ट्यूब धूत होते. एकच ट्यूब. ते निघून जाईपर्यंत धुतली. त्यानंतर तू टेबल बदललंस.

जबाबाचा कागद मी आज फाडला. धुरपताबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावंच हुतं. आमच्यात मोतिया कुनी वापरीत न्हाई, लय म्हाग असतंय," आणि पोती शिवायला गेली. सुनावणीला मी स्वतः जाईन आणि जसं झालं तसं सांगेन. त्याने पेटी अडकली तर अडकली. अभिप्राय दिला नाहीस तरी चालेल. तुझ्या जागी मी असते तर दिला नसता, एवढं मला कळतं.

'तुझी' असं खाली लिहायला हात गेला होता. ते राहू दे, तू ठरव.

राजेश्री


सेलू
२६ सप्टेंबर २०२३

प्रिय सुके,

जयभीम. महालक्ष्म्या होऊन गेल्या. सोळा भाज्या करून अंग दुखायलंय, आणि दत्तरावांनी एका भाजीला नाव ठेवलं, म्हणजे ते बोलले. वर्ष चांगलं जाणार.

तुझा अभिप्राय सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मिळाला. दोन पानं, कॉलेजच्या कागदावर, सहीशिक्क्यासकट. माझ्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता. मी पाकीट उलटं करून झटकूनही पाहिलं. तरी ती दोन पानं मी इतक्यांदा वाचली की धुरपताबाईने विचारलं, "काय, पोरीला स्थळ आलं का काय?"

ती माझ्याबरोबर आली. म्हणाली, "सही न्हाई तर न्हाई, समिंदर तर दावा." तिथे पोचल्यावर बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी हितं, आन् आपल्याकडं दत्तभाऊ मान वर करून ढग मोजायलेत."

सुनावणीला बाई होत्या, तिशी-पस्तिशीच्या. टेबलावर माझी डबी. तोवरही वास गेला नव्हता. अत्तर खरंच चांगलं होतं.

त्यांनी पहिला प्रश्न तुझाच विचारला. "अत्तर कोणी घातलं?"

"मी."

"तुमच्या एजंटने कामगाराचं नाव कळवलंय."

"ते त्याचं लेखन आहे, मॅडम. अत्तर माझं आहे."

मागे हरिओमने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"का घातलं?"

"नमुना चांगला दिसावा म्हणून."

"नमुना चांगला दिसण्यासाठी नसतो. मालासारखा दिसण्यासाठी असतो."

"हे आम्हाला मोंढ्यात कुणी शिकवलं नाही."

धुरपताबाईला राहवलं नाही. "मॅडम, आमच्याकडं पोरगी दाखवायची तर तिला पन पावडर लावत्यात. पावन्यांनी कदी पोलिसात दिलं न्हाई."

बाईंनी फायलीत तोंड घातलं. फाईल थोडा वेळ हलत होती. मग त्यांनी तुझी पानं वाचली. माल बंदरावर ज्या स्थितीत उतरला त्या स्थितीतच तो पाहायला हवा, डबीतल्या चिमटीवरून पेटीचा निकाल लावता येत नाही, हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी म्हटलं, "वर्गात होतो." त्याहून पुढे काही म्हणायचा हक्क आहे का, ते माहीत नव्हतं.

कंटेनर उघडला गेला. ढेकळंच ढेकळं. त्यांनी स्वतः एक उचलून नखाने ओरखडा काढला, आणि तपासणीसाठी नवीन नमुने त्यांच्या माणसांनी घेतले. आम्हाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. दहा दिवसांनी अहवाल आला: नैसर्गिक संगजिरे, न कुटलेलं, पंचविसावं घर. मला दिशाभूल करणारा नमुना दिल्याबद्दल लेखी समज आणि थोडा दंड. समज मी फ्रेम करून शेडात लावली आहे. बायका जाता-येता ती एकमेकींना वाचून दाखवतात; त्यातला 'यापुढे' हा शब्द त्यांना फार आवडतो. मशीन शुक्रवारपासून चालू आहे, आणि हरिओम माझ्याशी बोलत नाही. दोन्ही गोष्टींनी बरं वाटतंय.

आता दुसरं.

रविवारी मी पिंगळीला गेले. तुला न विचारता गेले, त्याबद्दल बोलून घे. तुझे वडील, नागनाथकाका, ओट्यावर बाजेवर बसले होते. कानाला कमी ऐकू येतं, बाकी ताठ आहेत. मी सांगितलं, "काका, मी राजेश्री. सुकेशनीच्या वर्गातली. तो तराजू मी मोडला होता."

मला वाटलं ऐकू आलं नाही. परत सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या.

"वरडू नगंस, ठावं हाय," काका म्हणाले.

"सुकेशनीनं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगाय पायजे? म्या न्हाई केलं म्हनली, म्हंजी न्हाई केलं. माझीच लेक हाय ती."

"मग तुम्ही हात का जोडले?"

"परीक्षा बारा दिसांवर आली हुती. मास्तरला तराजूचं दुख्ख हुतं, मला लेकीच्या वर्साचं. रुळावर रोजच वाकत हुतो, त्या दिशी तितं वाकलो." मग ते म्हणाले, "तू तितंच हुतीस न्हवं? नळापाशी?"

मी हो म्हटलं.

"पानी लय वाया घालीवलंस," ते म्हणाले.

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मला सांगून काय उपेग? म्या काय तराजूचा मालक हाय? जितं म्या हात जोडले तितं जाऊन सांग. आन् आता च्या घेतल्याबिगर उठू नगंस." चहा घेतला. गोड होता, लय गोड, आणि मी सगळा प्यायले.

काल सोमवारी परभणीला, कॉलेजात गेले. सर आता नाहीत. विभागप्रमुख तरुण आहेत, आपण पास झालो तेव्हा शाळेतही नसतील. त्यांच्या क्लार्कने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तसला तराजू आता भंगारवाला पण घेत नाही."

"तराजू नका शोधू," मी म्हटलं, "फुटतुटीचं रजिस्टर शोधा."

दोन तासांनी सापडलं. मार्च १९९६. 'रासायनिक तराजू क्र. ३, दुरुस्तीपलीकडे. जबाबदार: कु. सुकेशनी नागनाथ खिल्लारे.' सरांचं अक्षर. शाई थोडीसुद्धा फिकी झालेली नाही.

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. क्लार्कने आवक वहीत चढवताना विचारलं, "विषय कोणता टाकू? तक्रार, विनंती, का दाखला?" मी म्हटलं, कबुली. त्याने वरून खालपर्यंत बोट फिरवलं, तसला प्रकार त्याच्या यादीत नव्हता. शेवटी 'इतर' लिहिलं. विभागप्रमुखांनी अर्ज रजिस्टरला जोडला, तुझं नाव लाल शाईने कंस करून रद्द केलं आणि खाली माझं नाव लिहून सही-शिक्का मारला. त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. दुसरी प्रत काकांसाठी केली आहे. ती मी टपालाने पाठवणार नाही, नेऊन देणार आहे.

तू उत्तर द्यावंस म्हणून हे केलेलं नाही. दिलंस तर मी पोस्टमनला पेढा देईन, नाही दिलंस तर त्याचा काही दोष नाही.

अर्जावर कोणत्या नावाने सही करू, हा तिथे प्रश्न पडला. आधार कार्डावरची बाई त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हतीच. म्हणून जी होती तिच्या नावाने केली, आणि इथेही तीच करते.

कु. राजेश्री भुजंगराव देशमुख
तृतीय वर्ष बी.एस्सी., रोल नंबर ४१